सरांना तिथं गल्ली नव्हती

धकाते सरांविषयी चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. ते निवृत्त झाले तेव्हा शाळेनं स्मरणिका काढली. तिच्यात अकरा लेख आहेत आणि अकराही लेखांत सर विमानात बसतात, आफ्रिकेत उतरतात, तिथल्या पोरांना एकमेकांचा मान राखायला शिकवतात आणि परत येतात. हे सगळं खरं आहे. त्यातलं एक अक्षरही मी खोटं म्हणणार नाही. बारावा लेख माझ्याकडं मागितला होता. मी दिला नाही. तो आता लिहिते आहे.

आमचं गाव आंधळगावापासून सायकलीच्या अंतरावर. गावात कोष्ट्यांची एक लांब गल्ली आहे, तिच्या एका टोकाला सरांचं घर आणि दुसऱ्या टोकाला आमचं. सरांचे वडील शेवटपर्यंत कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, धोतरं विणत होते. सरांनी बारावीपर्यंत माग चालवला आणि मग गणिताचे मास्तर झाले, पण त्यांच्या पायांनी माग सोडला नाही. खुर्चीत बसले की टेबलाखाली त्यांचे पाय आळीपाळीनं दाबल्यासारखे खालीवर होत. आम्ही पोरं पुस्तकाआडून ते पाय बघायचो. पाय चालू असले की सर ठीक आहेत. पाय थांबले की सरांना राग आला आहे.

राग ते तोंडानं दाखवत नसत. वर्गातल्या प्रत्येकाला ते 'जी' म्हणत, पाचवीतल्या शेंबड्यालासुद्धा. "पराते जी, फळ्यापाशी या जी. चुकलं तरी चालते, पण या." समोर उभ्या राहिलेल्या पोराच्या सदऱ्यावर सुटा धागा दिसला की बोलता बोलता तो चिमटीत धरून काढून टाकत. कुणाच्या बाहीची शिवण उसवलेली असली तर त्यांचं लक्ष गणितातून उडायचं.

दोन पोरं भांडली की त्यांची शिक्षा ठरलेली होती. एक बाक दोघांनी दोन्ही टोकांना धरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचा. वाटेत टेकवायचा नाही. टेकला तर परत पहिल्यापासून. आणि कुठं मांडायचा ते दोघांनी एकमतानं ठरवायचं. बाक सागवानी होता आणि भलता जड होता. मी आणि माझ्या वर्गातली मंदा एकदा तो चार वेळा घेऊन फिरलो. चौथ्या फेरीला मंदा म्हणाली, "तू म्हणशील तिथं मांडू, पण आता मांडू." सर दारात उभे होते. म्हणाले, "असं नाही चालत, मंदा जी. हे थकून हो म्हणणं झालं. पटून म्हणा." आम्ही पाचवी फेरी मारली.

पटून हो म्हणणं आणि थकून हो म्हणणं यांतला फरक मला ज्या माणसानं शिकवला, त्याच माणसाविषयी हे लिहिते आहे.

माझे वडील आणि सर बालमित्र. वडिलांचा आंधळगावच्या बाजारात पायानं चालवायचा छापखाना होता. पोटासाठी लग्नपत्रिका छापत आणि मनासाठी पत्रकं. विणकरांच्या सुताचा प्रश्न, बुवाबाजी, हुंडा, तलावातल्या गाळाचा ठेका, जे चुकीचं दिसेल त्यावर चार पानं. मी अक्षर ओळखायला शिकले ते पाठ्यपुस्तकातून नव्हे, छपाईच्या उलट्या खिळ्यांवरून. भंडारा जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाला तेव्हा बाजारातल्या सगळ्यांनाच नवे कागद छापून हवे होते. त्या वर्षी छापखान्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सर छापखान्यात आले आणि म्हणाले, "शंकर, मी टांझानियाले चाललो."

नागपुरातली एक संस्था गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना तिकडच्या शाळेत पाठवत होती. पगार नाही. राहणं-जेवण शाळेचं. दोन वर्षं. सरांनी बिनपगारी रजा टाकली होती. काकू, म्हणजे सरांची बायको, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लोकं परदेशात कमवाले जातेत. आमचे फुकट शिकवाले चालले. इथं का पोरांचा दुकाळ पडला आहे?"

"इथल्यासाठी मी आहेच ना जी," सर म्हणाले.

"कुठं आहा? तुमी त चालले."

सर गेले.

तिथून त्यांची पत्रं यायची, घरी कमी आणि छापखान्याच्या पत्त्यावर जास्त. मोठ्या तळ्याकाठची शाळा. तळं म्हणजे समुद्रच, पलीकडचा काठ दिसत नाही. पोरं मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा खातात, त्याला उगाली म्हणतात. मुख्याध्यापकांचं नाव मसालू, जाडजूड माणूस, हसला की छत हलतं. वडील ही पत्रं पिवळ्या कागदावर छापू लागले, 'सरांचं पत्र' या नावानं. मी घड्या घालायची आणि मंगळवारच्या बाजारात वाटायची. लोक ती खरंच वाचत. पुड्या बांधायला घेत तेसुद्धा आधी वाचत.

त्यातलं चौथं पत्र मला अजून तोंडपाठ आहे. सरांनी लिहिलं होतं की तिथं जेवायच्या आधी एकजण पाण्याचा जग आणि घमेलं घेऊन फिरतो आणि प्रत्येकाच्या हातावर पाणी घालतो. शाळेत हे काम मुलींकडं होतं. त्या पोरांसमोर गुडघा टेकून पाणी घालायच्या. मोठी पोरं धाकट्यांकडून ताटं घासून घ्यायची, तळ्यातल्या बेटावरून आलेल्यांना चिडवायची. 'इथंही मान धुरासारखा वर वर जातो,' सरांनी लिहिलं होतं, 'खाली म्हणून येत नाही.' मग एके दिवशी सरांनी एका मुलीच्या हातातला जग घेतला, तिला बसवलं, तिच्यासमोर स्वतः गुडघा टेकला आणि तिच्या हातावर पाणी घातलं. मग पुढच्या पोराच्या. मग सगळ्यांच्या. पोरं आधी हसली, मग गप्प झाली. मसालू म्हणाले, मवालिमू, म्हणजे गुरुजी, शिक्षकानं हे करायचं नसतं. त्यावर सरांनी त्यांना जे उत्तर दिलं, ते वडिलांनी ठळक खिळ्यांत जुळवलं होतं:

'आमच्या गावात पाणी देणाऱ्याचा हात विचारत नाहीत, पिणाऱ्याची तहान विचारतात.'

मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि मलाही माहीत होतं की हे खोटं आहे. आमच्या गावात सगळ्यात आधी हातच विचारत. मी वडिलांना तसं म्हटलंही. वडील खिळे जुळवत होते. म्हणाले, "खोटं आहे. पण असं खोटं आहे की आता आपल्याले ते खरं करा लागन." मला ते फार आवडलं. पुढची कित्येक वर्षं मी त्या एका वाक्यावर जगले.

महिन्याभरात तिथं पाणी घालायची पाळी लागली. मुलगे मुलींच्या हातावर पाणी घालू लागले, मोठे धाकट्यांच्या. दुसऱ्या वर्षी मसालूही गुडघ्यावर बसले, पण त्यांना उठवायला दोन पोरं लागली. ते चौथं पत्र लोकांनी सर्वांत जास्त मागून नेलं.

सर परत आले तेव्हा गल्लीतल्या लोकांना घड्याळं आणि टेपरेकॉर्डरची अपेक्षा होती. सरांनी पिशवीतून निळा प्लॅस्टिकचा जग काढला आणि एक घमेलं. काकू म्हणाल्या, "हे त मोहाडीच्या बाजारात बी भेटते."

आमच्या शाळेत नुकतीच दुपारची खिचडी सुरू झाली होती. सरांनी पाळी लावली. जेवायच्या आधी दोघांनी रांगेतून फिरायचं, एकानं जग धरायचा, एकानं घमेलं. पहिले दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी बौद्ध मोहल्ल्यातले सुखदेवबाबा काठी टेकत शाळेत आले. त्यांची नात प्रज्ञा सहावीत होती. मी आठवीत, खिडकीत बसले होते.

"मास्तर, माह्या नातीच्या हातावर तुमचे पोरं वरून पाणी टाकून राह्यले म्हणते."

"सगळ्यांच्याच हातावर टाकतेत, बाबाजी. हे प्रेमाचं आहे. तिकडं—"

"तिकडचं राहू द्या." बाबांचा आवाज चढला नव्हता. "मी ह्या गावात ओंजळ धरून प्यालो आहे. पाटलाच्या विहिरीवर. उभा माणूस वरून ओतत होता, अन् मी खाली बसून. वरून पाणी म्हणजे काय, ते तुमाले समजावून सांगा लागन काय?"

टेबलाखाली सरांचे पाय थांबले होते.

ही चूक फक्त आमच्या माणसाच्या हातून होऊ शकत होती. सरांनी तिकडून जग आणला होता, घमेलं आणलं होतं, पण गुडघा तिथंच राहिला होता. पत्रात लिहिला होता, वडिलांनी छापला होता, मी बाजारात वाटला होता. पण आमच्या शाळेत उभं राहून पाणी घालणं सरांना इतकं साहजिक वाटलं की गुडघ्याची आठवण झाली नाही. हातावर उभ्यानं पाणी ओतणं हे आमच्या अंगात मुरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी खिचडीच्या आधी सरांनी सगळ्यांना ओसरीत बसवलं. सुखदेवबाबांना मुद्दाम बोलावलं होतं. सर जग घेऊन प्रज्ञासमोर गेले आणि उजवा गुडघा फरशीवर टेकला. तिच्या हातावर पाणी घातलं. मग बाबांकडं वळले. बाबांनी हात पुढं केले नाहीत. मग म्हणाले, "पोरीले करू द्या आता. तिच्या हातचं चालते का पाहू."

प्रज्ञानं जग घेतला. ती गुडघ्यावर बसून रांगेत एकेकाच्या हातावर पाणी घालत गेली. कोष्ट्यांच्या, तेल्यांच्या, कुणब्यांच्या. दोन पोरं उठून हापशाकडं गेली आणि हात धुवून आली. सर म्हणाले, "धुवून आले ते चांगलं झालं जी. आता परत धुवा." ती दोघं परत रांगेत बसली.

त्या आठवड्यात माझी आत्या आमच्या दारात येऊन म्हणाली, "मास्तरनं त्या पोरीसमोर गुडघे टेकले म्हणते. आता काय राह्यलं?" गल्लीत चार दिवस कुरकुर झाली. सर कुणाशी भांडले नाहीत. फक्त रोज वेळेवर जग भरून ठेवत राहिले. दोन महिन्यांत पोरांना त्याची सवय झाली. पाळी चुकली तर भांडणं होऊ लागली, आणि भांडणाची शिक्षा म्हणून बाक.

हे सर मला खरे वाटतात. आजही. म्हणूनच पुढचं मला गिळता येत नाही.

दोन वर्षांनी खिचडी शिजवणाऱ्या बाई काम सोडून मुलाकडं गेल्या. जागा रिकामी झाली. सर स्वतः सुखदेवबाबांच्या घरी गेले. प्रज्ञाची आई शालूबाई, बाबांची विधवा सून, तिच्या हातचं जेवण सगळ्या मोहल्ल्यात नावाजलेलं. सर म्हणाले, अर्ज करा. ती म्हणाली, "नाही मास्तर. हात धुणं वेगळं, अन् शिजवणं वेगळं. खाणार नाही तुमची गल्ली."

"मी आहे ना," सर म्हणाले.

हे मला पुढं तिनंच सांगितलं. 'मी आहे ना' हे शब्द सरांनी तीनदा म्हटले होते.

शालूबाई लागली. पहिल्या दिवशी खिचडी अशी झाली की पोरांनी दोनदा घेतली. तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतली पोरं घरून डबे आणू लागली. पंधरवड्यात पन्नासेक डबे झाले. पोरं ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसू लागली. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनी रविवारी सकाळी शाळेत बैठक बोलावली.

वडिलांनी शुक्रवारी पत्रक छापलं. मथळा होता, 'पाणी चालते, मग अन्न काहून नाही?' आणि खाली, ठळक खिळ्यांत, सरांचं ते वाक्य, सरांच्या नावासकट. मी तेव्हा दहावीत होते. बैठकीच्या दारात उभी राहून मी ते वाटलं. खरं सांगायचं तर मला भीती नव्हती. सर आत होते. बैठकीचं लिखाण तेच करायचे, रजिस्टर उघडून टेबलाशी बसले होते. शालूबाई आणि सुखदेवबाबा भिंतीशी. माझे वडील दारापाशी, हाताला शाई.

अध्यक्षांनी पत्रक चष्म्यासमोर धरलं आणि ते वाक्य मोठ्यानं वाचलं. मग विचारलं, "सर, हे तुमचं आहे काय? तुमी बाहेरदेशात जाऊन आमच्या गावाबद्दल असं सांगून आले?"

मला वाटलं, आता सर उभे राहतील. हो म्हणतील. एवढंच करायचं होतं. हो म्हटलं असतं तर कुणी त्यांना खाल्लं नसतं. आणि त्या एका होकारावर शालूबाईची चूल उभी होती.

सर म्हणाले, "पत्र माहं आहे. हे वाक्य माहं नाही जी. शंकरनं छापताना घातलं असन. छापणाऱ्याले अशी सवय असते."

कुणीतरी मागून म्हणालं, "शंकरभाऊ, लग्नपत्रिकेत बी मनानं नवरा बदलत असान मंग." बैठक हसली.

मी वडिलांकडं पाहिलं, मग सरांकडं. सरांनी रजिस्टर जवळ ओढलं आणि त्यात आधीच लिहिलेला ठराव वाचायला सुरुवात केली. अक्षर तेच, गोल, एका रेषेत. 'श्रीमती शालूबाई यांना त्यांच्या संमतीने स्वयंपाकाऐवजी भांडी घासणे व परिसर सफाई या कामी...'

"माही संमती कोणं घेतली, मास्तर?" शालूबाई म्हणाली.

"शालूबाई, हे एवढं वर्ष निघू द्या. मग पाहू. पोरं उपाशी राहून राह्यले."

"उपाशी कुठी आहेत? डबे खाऊन राह्यले." ती पुढं आली. "तुमी माह्या घरी येऊन बसले होते. मी नाही म्हणत होती. तवा तुमी माहं ऐकलं असतं, त मी काय जीव देणार होती? तुमी बोलावलं म्हणून आली मी. माह्यानं तिथं भांडे घासणं होणार नाही."

तिनं पदराच्या टोकाला बांधलेली स्वयंपाकखोलीची किल्ली सोडली आणि रजिस्टरवर, ठरावाच्या ओळीवर ठेवली. सुखदेवबाबा उठले. सरांसमोरून जाताना थांबले नाहीत.

मी दारात खाली बसले होते. तिथून टेबलाखालचं दिसत होतं. सरांचे पाय चालू होते. एका लयीत, शांत, कापड नीट निघत असल्यासारखे.

घरी आल्यावर वडिलांनी पत्र्याची पेटी काढली. चौथं पत्र वर काढलं. वाक्य तिथंच होतं. निळ्या शाईत, सरांच्या हातचं, खाली एक रेघ मारलेली.

"बाबा, याचा ब्लॉक करून जसंच्या तसं छापू. उद्याच."

"नाही."

"काहून?"

"त्यानं मले खोटं पाडलं. मी त्याले उघडं पाडाले जाणार नाही. चाळीस वर्षांचा दोस्त आहे."

"अन् शालूमावशी?"

वडिलांनी पेटी बंद केली. तेही मी त्यांना माफ केलेलं नाही. त्यानंतर वडिलांनी एकही पत्रक छापलं नाही. लग्नपत्रिका, दुकानांची बिलं, निवडणुकीतले फोटो. लोक म्हणत, आता शंकरचा धंदा नीट चालते. छापखाना विकेपर्यंत ठळक खिळ्यांचा खण तसाच धूळ खात राहिला.

सरांनी असं का केलं, यावर मी फार विचार केला आहे. त्यांनी लाच घेतली असती तर मला सोपं गेलं असतं. मुलाला नोकरी मिळाली असती, मुख्याध्यापकी मिळाली असती, तर मी एक झणझणीत पान लिहून मोकळी झाले असते. त्यांना काहीच मिळालं नाही. मुख्याध्यापक दुसराच झाला. अध्यक्षांनी त्यांना कधी चहालाही बोलावलं नाही.

मला वाटतं, तळ्याकाठच्या त्या शाळेत सरांना गल्ली नव्हती. तिथं ते कुणाचे भाचे नव्हते, कुणाचे व्याही होणार नव्हते, दारावरून जाताना त्यांना कुणी "मास्तर, असं ऐकलं" म्हणणार नव्हतं. तिथं माणूस नुसता चांगला असू शकतो. परक्याच्या पोरांना मान शिकवणं ही काही लहान गोष्ट नाही. पण ज्यानं तिथं शिकवलं, त्याची परीक्षा तिथं नव्हती. ती आंधळगाव रस्त्यावरच्या शाळेत, एका रविवारी, सकाळी होती, आणि प्रश्न एका शब्दाचा होता.

माझी बारावी झाली त्या उन्हाळ्यात छापखान्याच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. सरांनी तिकडं तोच पत्ता दिला होता. आत एक फोटो. मसालू, आता केस पांढरे, एका लहान मुलीसमोर गुडघ्यावर, हातात जग. मागं इंग्रजीत लिहिलं होतं की पाळी अजून चालू आहे, तुमच्या शाळेला आमचा नमस्कार सांगा.

वडील म्हणाले, "जा, देऊन ये." मी गेले. सर अंगणात वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी फोटो हातात घेतला. मग बोट लावून म्हणाले, "हा माणूस गुडघ्यानं अधू आहे. तरी बसला."

मी विचारलं, "सर, ते वाक्य तुमचंच होतं ना?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "होतं."

"मग?"

"बाई, तुले वाटते मी भेलो. भेलो नाही मी. मले वाटलं, एक पाऊल मागं घेतलं त सगळे एका ठिकाणी राहतीन. पोरं, गल्ली, अध्यक्ष. पाळी बी टिकन."

"टिकली काय?"

त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. शालूबाई गेल्यावर दोन महिन्यांत जग फुटला आणि नवा कुणी आणला नाही.

"तुमीच शिकवलं होतं," मी म्हणाले. "थकून हो म्हणायचं नाही."

"हो," सर म्हणाले. "शिकवलं होतं." आणि समोर आलेल्या माझ्या ओढणीवरचा एक धागा काढायला त्यांचा हात सवयीनं पुढं आला. मी मागं सरकले. त्यांचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो फोटोवर ठेवला.

त्यानंतर आमचं बोलणं नाही. स्मरणिका निघाली, ते निवृत्त झाले, वडील गेले. सर मयतीला आले होते, लांब उभे होते.

शेवटचं मी त्यांना गेल्या वर्षी पाहिलं. भंडाऱ्याहून गावाकडं जायला मी मोहाडीच्या स्टँडवर उतरले होते. स्टँडच्या कोपऱ्यात शालूबाईची टपरी आहे. पोहे, आलूबोंडे, शनिवारी साबुदाणा. पुढं लाकडी बाकं, त्यावर ड्रायव्हर, कंडक्टर, कॉलेजची पोरं, दाटीवाटीनं. मी कढईशी जाऊन उभी राहिले.

"चहा घेतेस का बाई?" ती म्हणाली. प्रज्ञा नागपूरला नर्स झाली आहे, हे तिनं मला दरवेळीसारखं पुन्हा सांगितलं. मग झाऱ्यानं टपरीच्या मागच्या बाजूला दाखवलं. "तुह्ये सर आलेत. बुधवारी येतेत, दवाखान्याले. येतेत अन् दोन बोंडे बांधून घेतेत."

"तुमी देता कायले मावशी?"

"दुकान आहे माहं. तू बी काय विचारतेस." तिनं बोंडे तेलातून काढले. "पहिल्या दिवशी बाकावर बसा म्हटलं. म्हणाले, गाडीची वेळ झाली. गाडीले अर्धा घंटा होता. मग मी म्हणणं सोडलं."

मी टपरीला वळसा घालून गेले. मागं स्टँडची भिंत आहे, उन्हानं तापलेली, तिच्यावर जाहिरातींचे कागद. सर तिथं उभे होते. पांढरा सदरा, खांद्याला पिशवी. त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये हातभर जागा असेल. बाकांवर बसलेल्यांत आमच्या गल्लीचं कुणी नव्हतं. मी दोनदा पाहून घेतलं. कुणीही नव्हतं.

वर्तमानपत्राचा तुकडा छातीशी धरून, भिंतीकडं तोंड करून, सर शालूबाईच्या हातचं खात होते. घाईनं नाही. नीट चावून, आवडीनं.

मी हाक मारली नाही.